अकराव्या वळणाचं विरजण

शिवाजी उद्यमनगरात आठवड्याचे सहा दिवस आता इतकी शांतता असायची, की एखाद्या गाळ्यात पाना खाली पडला तर पाचव्या गाळ्यातला माणूस मान वर करून बघायचा. रस्त्यावरची सगळी वाहनं विजेवर चालायला लागून वीसेक वर्षं झाली होती. ज्या गल्ल्यांत एके काळी शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, तिथे लोकांना हळू बोलायची सवय करून घ्यावी लागली. कोल्हापूरकरांना ती अजून काही जमलेली नव्हती.

रविवार मात्र निराळा. रविवारी 'छंद-परवाना' असलेल्या गाड्या बाहेर पडत. इंजिनाची गाडी फक्त रविवारी, फक्त बंद केलेल्या रस्त्यावर आणि फक्त उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर चालवायची मुभा म्हणजे छंद-परवाना. या गाड्या सुरू झाल्या की गल्लीभर थोडा गुऱ्हाळाचा आणि थोडा गुत्त्याचा वास पसरे. म्हातारी माणसं खुर्च्या बाहेर टाकून तो वास घेत बसत आणि तरुण पोरं त्यांना हसत.

संयोगिता लोहारचा गाळा याच गल्लीच्या टोकाला होता. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ती अब्बास मिस्त्रींच्या हाताखाली शिकली आणि मिस्त्री थकल्यावर गाळा तिच्याकडे आला. तिचं काम मॅपिंगचं. प्रत्येक इंजिनाबरोबर तळहाताएवढा एक संगणक असतो. किती इंधन सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हवा किती दाबायची, हे तो सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीला हे आकडे बेताचे ठेवावे लागतात, कारण गाडी कुणाच्या हातात पडेल हे तिला ठाऊक नसतं. मॅपिंग करणारा माणूस संगणक उघडून हा राखून ठेवलेला जोर मोकळा करतो.

पण हे सगळेच करत. संयोगिताच्या दारात एक्केचाळीस गाड्यांची रीघ लागायची ती 'पाऊलपटा'मुळे.

मद्यार्कावरच्या जोरदार इंजिनात एक अडचण असते. पाय दाबला की लगेच ताकद येत नाही. धुराच्या झोताने पंखा फिरायचा, त्याने हवा दाबली जायची, मग जोर यायचा. या सगळ्यात सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो, आणि शर्यतीत तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. यावर उपाय असा निघाला, की चालवणारा पाय कधी दाबणार आणि कधी उचलणार हे संगणकाने आधीच ओळखायचं. पाय हलण्यापूर्वी पेडलवरचा भार किंचित बदलतो. तो भार, गाडीचा कल, स्टिअरिंगचा कोन, वेग, या सगळ्यांचा एक तक्ता संगणक मनाशी बनवत जातो. तोच पाऊलपट. चांगला पाऊलपट असलेली गाडी मालकाचं मन ओळखून धावते असं लोक म्हणत. मन नव्हे, पाय ओळखते, असं संयोगिता दुरुस्त करी. त्यातला फरक कुणी मनावर घेत नसे.

कोरा पाऊलपट तयार व्हायला तीन महिने लागतात आणि गिऱ्हाइकाला गाडी येत्या रविवारी हवी असते. म्हणून उद्यमनगरात एक रीत पडली होती. एखाद्या नामी चालकाचा पाऊलपट जपून ठेवायचा आणि नव्या गाडीत तोच घालून सुरुवात करायची. त्याला विरजण म्हणत. नवशिक्याच्या वाकड्या सवयींनी ते बिघडू नये म्हणून त्याचा मुख्य भाग कुलूपबंद ठेवत. अब्बास मिस्त्रींनी संयोगिताला दिलेलं विरजण शिंत्रेअण्णांचं होतं. करंबळीच्या घाटाची शर्यत सात वेळा मारलेले दत्ताजीराव शिंत्रे. देताना मिस्त्रींनी बजावलं होतं, विरजण चमच्याने घ्यायचं, ढवळत बसायचं नाही. तिने बारा वर्षांत ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

उघडायची वेळ आणली तिच्या धाकट्या भावाने. मानसिंग करंबळीची शर्यत दोन वर्षं ओळीने हरला होता, पहिल्यांदा एक दशांश सेकंदाने आणि गेल्या वर्षी दोन दशांशाने. या शर्यतीत गाड्या एकेक करून घड्याळाशी लढत घाट चढतात, त्यामुळे हरल्यावर दुसऱ्या कुणाला शिव्या घालायची सोय नसते. आणि हे वर्ष शेवटचं होतं. पुढच्या वर्षापासून तो घाट इंजिनाच्या गाड्यांना कायमचा बंद होणार होता. जिंकायचं तर आत्ताच, नाहीतर जन्मभर 'दोन दशांशवाला' म्हणून मिरवायचं.

"आक्का, अकराव्या वळणाला गाडी दम खाती," तो म्हणाला. "मी पाय दाबून धरतोय आणि ती मागं ओढती. शपथेवर सांगतो."

संयोगिताला आधी हे हरलेल्याचं रडगाणं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती त्याच्या तोंडावर म्हणालीसुद्धा. पण तिने गाडीची नोंद काढून पाहिली, तर मानसिंग खरं बोलत होता. अकराव्या वळणावर बरोबर तीन दशांश सेकंद इंजिनाने हात आखडता घेतला होता. तिने वायरी तपासल्या, इंधनाच्या नळ्या बदलल्या, हवेचा पंखा खोलून पुन्हा बसवला. आठ दिवस ती जेवताना टेबलावर बोटाने आलेख काढत होती. शेवटी निरुपाय म्हणून मिस्त्रींची आठवण काढून कान पकडले आणि विरजण उघडलं.

पाऊलपट पडद्यावर डोंगरासारखा दिसतो, चढउतारांचा. त्या डोंगरावर एका ठिकाणी बोटभर खळगा होता. डावं वळण, चढ आणि उंचवट्यामुळे चाकं किंचित हलकी होणं, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या की संगणकाला वाटायचं, आता पाय उचलला जाणार. आणि तो आधीच जोर काढून घ्यायचा. तिने इतर गिऱ्हाइकांच्या गाड्या तपासल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गाड्यांत तोच खळगा त्याच जागी. असा योग क्वचित जुळतो आणि तीन दशांश सेकंद घड्याळाशिवाय कळत नाहीत, म्हणून कुणी तक्रार केली नव्हती.

तिच्यातल्या मेकॅनिकला आता चूक सापडली होती. पण शास्त्र शिकलेल्या बाईला तेवढ्याने झोप येईना. सात वेळा जिंकलेल्या माणसाचा पाय तिथे का उचलला जावा?

अण्णा पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहत. ती गेली तेव्हा ते ओट्यावर फवारणीचा पंप खोलून बसले होते. तिने आणलेला आलेख त्यांनी आधी उलटा धरला, मग सुलटा. तिने समजावून सांगितलं, की हा डोंगर म्हणजे तुमचा पाय आणि हा खळगा म्हणजे तुम्ही तिथे दरवेळी पाय उचलत होता.

"दरवेळी?" अण्णांनी विचारलं.

"शेवटच्या तीन वर्षांत. त्याआधी नाही."

अण्णांनी पंपाचा वायसर बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगितलं. चौथ्या वर्षी, अकराव्या वळणाच्या दरीकडच्या कडेला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी दुधाची किटली घेऊन उभी होती. तेव्हा घाटाला कुंपण नव्हतं. उंचवटा ओलांडल्यावरच ती त्यांना दिसली. बंपर किटलीला लागला आणि सगळं दूध काचेवर आलं. वायपर लावून ते तसेच वर गेले, जिंकले, हार घालून घेतले. मग धावत खाली आले. मुलगी धडधाकट होती आणि किटली फुटली म्हणून रडत होती.

"वितभर," अण्णा म्हणाले. "वितभर अलीकडं असती तर किटलीसंगं पोरगीबी गेली असती. तवापास्नं तिथं पाय उचलायचा. मी न्हाई उचलायचो, त्यो आपोआप उचलायचा. आन् पाय उचलला की नजर कडंला जायची, कोण हाय का बघाया."

पाय उचलूनही ते पुढची तीन वर्षं जिंकले, कारण त्यांच्या तोडीचं तेव्हा कुणी नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंड अण्णांचं पोळलं होतं आणि ताक मात्र एक्केचाळीस जण फुंकून पीत होते. संयोगिताला हसूही आलं आणि अंगावर काटाही. तिने खळगा काढू का म्हणून विचारलं. अण्णांनी खुशाल काढायला सांगितलं. माझं भय माझ्यापाशी राहू दे, पोरांच्या गळ्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

परत आल्यावर तिने मानसिंगला किटलीची हकिगत सांगितली आणि त्याच्या गाडीतला खळगा बुजवला. पुढच्या रविवारी सराव झाला, तर घड्याळ जागचं हललं नव्हतं. अकराव्या वळणावर तेच तीन दशांश. नोंद पाहून तिने डोळे चोळले. या वेळी इंजिन तयार होतं. पूर्ण जोर घेऊन वाट बघत होतं. पाय मानसिंगने स्वतः उचलला होता, आणि मी उचललाच नाही म्हणून तो हुज्जत घालत होता.

उत्तर तिला दोन दिवसांनी, भलत्याच ठिकाणी मिळालं. मानसिंग रोज संध्याकाळी गाळ्यातला विजेचा टेम्पो घेऊन घरी जायचा. गल्लीच्या टोकाला रस्ता डावीकडे वळून ओढ्यावरच्या पुलावर चढतो आणि पुलाच्या पाठीवर एक उंचवटा आहे. विजेच्या गाडीत पेडलवरचा पाय उचलला की गाडी आपोआप आवरते आणि मागचा लाल दिवा लागतो. संयोगिता दारात हात पुसत उभी होती. टेम्पो वळला, चढला, आणि उंचवट्यावर लाल दिवा लागून विझला.

डावं वळण, चढ, उंचवटा. आणि टेम्पोत पाऊलपट नव्हता. कुठल्याच विजेच्या गाडीत नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने मानसिंगला समोर बसवून ते उलगडून सांगितलं. गाडी चालवताना शिकणारे दोघं असतात, एकटा संगणक नव्हे. संगणक पायाकडून शिकतो, तसा पायही गाडीकडून शिकतो. ही गाडी घेतल्यापासून सराव धरून चार वर्षं त्याने तिथे पाय दाबला आणि चार वर्षं गाडीने साथ दिली नाही. दाबून उपयोग नाही, हे पायाने डोक्याला न विचारता मान्य करून टाकलं होतं. अण्णांची भीती आधी गाडीत उतरली होती आणि गाडीतून त्याच्यात.

"पण मला तिथं खरंच धस्स होतंय," मानसिंग म्हणाला. "ते कुणाचं?"

हा प्रश्न तिला आवडला. तिने पाच-सहा जुन्या गिऱ्हाइकांना सहज म्हणून फोन केले. तुम्हाला अकराव्या वळणाला भीती वाटते का? सगळ्यांना वाटत होती. एकाच्या मते तिथे रस्ता उलटा कलला होता. एकाने तिथे साप पाहिला होता. एकाची बायको म्हणे त्याला नेमकं त्याच वळणाबद्दल बजावत आली होती. दुधाची किटली कुणालाच ठाऊक नव्हती. पाय आधी उचलला जात होता, आणि पाय का उचलला याचं कारण मन मागाहून शोधून आणत होतं. स्वतः संयोगिताही गिऱ्हाइकांच्या गाड्या तपासायला चालवत असे. आपल्याला तिथे काय वाटतं हे तिने आठवून पाहिलं. ती नेहमी तिथे पाय सैल सोडून पदर सावरायची, आणि वारा जोराचा असतो म्हणून, अशी तिची आजवर समजूत होती.

मानसिंगला या गमतीत रस नव्हता. शर्यतीला तीन आठवडे उरले होते. त्याने विचारलं, पाय उचलला तरी इंजिनाने ऐकायचंच नाही, असं करता येईल का?

करता येत होतं. एका दुपारचं काम. पण संयोगिताने आजवर असं कधी केलं नव्हतं. जोर वाढवायचा तो पायाच्या हुकमतीत, पाय हा मालक, हे मिस्त्रींचं पहिलं वाक्य होतं.

"आक्का, घाटाला आता कुंपण हाय, प्रत्येक वळणावर झेंडेवाला हाय, कॅमेरे हायत," मानसिंग म्हणाला. "ती पोरगी आता तिशीची बाई झाली असंल. दुसऱ्याचं भय मी का म्हणून वागवायचं?"

खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच बघायचं होतं, की चार वर्षांत शिकलेलं पाऊल किती दिवसांत विसरतं. हे कुतूहल तिने भावावरच्या मायेत गुंडाळलं आणि ती हो म्हणाली.

गाडी गाळ्यातच जॅकवर चढवली, रविवारखेरीज इंजिन लावता येत नाही म्हणून नुसता संगणक समोरच्या घाटाच्या पडद्याला जोडला, आणि मानसिंग रोज साठ वेळा अकरावं वळण चढू लागला. पाय उचलला जायचा, इंजिन ऐकायचं नाही, पडद्यावर काही वाईट घडायचं नाही. ती रोज आलेख काढून भिंतीला लावत होती. चौथ्या दिवशी पाय निम्माच उचलला गेला. नवव्या दिवशी फक्त थरथरला. पंधराव्या दिवसापासून रेघ सपाट झाली. तिने इंजिनाला घातलेलं झापड काढून घेतलं, तरी रेघ सपाटच राहिली. आता गाडीत नियमाबाहेरचं काही नव्हतं. जो बदल झाला होता तो मानसिंगमध्ये. तिला आपल्या कामाचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

शर्यत मानसिंगने जिंकली. एक दशांशाने का होईना, जिंकली. करंबळीच्या घाटातला शेवटचा विजेता म्हणून त्याचं नाव आता कुणी पुसू शकणार नव्हतं. संध्याकाळी गाळ्यासमोर गुलाल उडाला. संयोगिता भावाच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. चाळीस गिऱ्हाइकांपैकी निम्मी तिथेच हजर होती आणि सगळ्यांची एकच मागणी होती, हेच आमचंही करून द्या. तिने सगळ्यांना पुढच्या रविवारचा वायदा दिला.

गर्दी पांगत आली तेव्हा शिंत्रेअण्णा पन्हाळ्याच्या बसने उतरून आले. त्यांनी मानसिंगला हार घातला, पाठ थोपटली आणि खुर्चीवर टेकले.

"अकराव्याला कोण उभं न्हवतं न्हवं?" त्यांनी सहज विचारलं.

"न्हाई अण्णा. मोकळा होता रस्ता."

"बघितलंस?"

मानसिंग उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याने आठवून पाहिलं. दहावं वळण त्याला आठवत होतं, बारावं आठवत होतं. "बघितलं न्हाई," तो म्हणाला. "बघायचं काय कारण?"

पाय उचलला की नजर कडंला जायची, असं अण्णा म्हणाले होते. संयोगिताने पंधरा दिवस पायाचे आलेख काढले होते, नजरेचा एकही नाही. ती आत गेली आणि गाडीच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याची नोंद पडद्यावर लावली. अकरावं वळण आलं तसं तिने चित्र हळू केलं. डावं वळण, चढ, उंचवटा. उंचवट्याच्या पलीकडे, कुंपणाच्या अलीकडच्या अंगाला, एक झेंडेवाला वाकून रस्त्यावर पडलेली शिटी उचलत होता. त्याची पाठ गाडीकडे होती. बंपर त्याच्या कोपरापासून वितभर अंतरावरून गेला. त्याच्या हातातला झेंडा वाऱ्याने उडाला आणि पुढच्या चित्रात झेंडेवाला गाडीच्या मागे राहिला होता.

मानसिंगने ते दोनदा पाहिलं.

"हा कधी आला तिथं?" तो म्हणाला.

मग तो हसला. लागलं नाही ना कुणाला, मग झालं तर, म्हणाला. पुलापलीकडच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोरच धार काढत, आणि ग्लास हातात घेऊन अर्धी पेठ रस्त्यात उभी असे. तिथून सगळ्यांना ताजं दूध आणतो म्हणून त्याने टेम्पोची किल्ली उचलली.

संयोगिता त्याच्यामागे दारापर्यंत गेली. गाडीतलं पुसलेलं ती केव्हाही परत भरू शकत होती, भावातलं नाही. शिंत्रेअण्णाही येऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

टेम्पो गल्लीच्या टोकाला डावीकडे वळला आणि पुलाच्या उंचवट्यावर चढला. अण्णांचा उजवा पाय जागच्या जागी जमिनीवरून उचलला गेला, आणि त्यांच्याबरोबर संयोगिताचाही. टेम्पोचा मागचा दिवा लागला नाही.